जन्माचं गोत आणि माळेचं गोत



आपल्या दिंडीला शंभर वर्षं पुरी झाली. पुस्तक काढायचं ठरलं तेव्हा मंडळींनी आमच्याकडं इतिहासाचं काम दिलं. दिंडी कशी निघाली, थोरल्या बाबांनी पहिली वारी कुणाला बरोबर घेऊन केली, मुक्कामाच्या जागा कोणी दिल्या, हे सगळं या पुस्तकात दुसऱ्यांनी लिहिलंय आणि आमच्यापेक्षा चांगलं लिहिलंय. म्हणून आम्ही जरा वेगळं धरलं.

शताब्दीच्या बैठका चालू होत्या तेव्हा एक प्रश्न निघाला. तो अजून मिटला नाही. आत्ताचे विणेकरी थकले. त्यांच्या पाठी वीणा कुणाच्या गळ्यात राहावी? थोरल्या बाबांच्या घराण्यातल्या माणसाच्या, का फडातल्या? एका बाजूची मंडळी म्हणाली, दिंडी म्हणजे कुटुंब, तेव्हा ती घरातच राहिली पाहिजे. दुसऱ्या बाजूची मंडळी म्हणाली, दिंडी म्हणजे कुटुंब, तेव्हा ती सगळ्यांची आहे. दोघं एकच शब्द बोलत होते आणि एकमेकांवर डोळे वटारत होते. आम्ही मधल्या कोपऱ्यात बसून ऐकत होतो. तेव्हा मनात आलं, आपल्या संप्रदायात कुटुंब कशाला म्हटलंय ते एकदा मागं जाऊन बघावं. आमचं शिक्षण चौथीपर्यंत. जे लिहितो ते संतांच्या चरित्रांतून वाचलेलं, थोरांच्या कीर्तनात मागं उभं राहून ऐकलेलं आणि वारीत डोळ्यांनी पाहिलेलं आहे. अभंग तुम्हा सगळ्यांना पाठ आहेत, ते इथं परत लिहून जागा अडवत नाही.

सुरुवात आळंदीपासनंच करू. विठ्ठलपंतांनी काशीला जाऊन संन्यास घेतला, पण घरी बायको आहे हे कळल्यावर गुरूंनी त्यांना परत संसारात पाठवलं. मग निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही चार लेकरं झाली. संन्याशाची पोरं म्हणून गावानं, जातीनं, भावकीनं त्यांना बाहेर टाकलं. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतलं तरी पोरांची वाळीत टाकणी सुटली नाही. ध्यानात घ्या, जन्माचं गोत ज्यांना म्हणतात, त्यांनीच दार लावलं होतं. उरले ते चौघं एकमेकांना. थोरला भाऊ निवृत्ती हा ज्ञानोबारायांचा पाठचा आधार, आणि गुरूही तोच. त्र्यंबकेश्वराला गहिनीनाथांनी निवृत्तीनाथांना उपदेश केला आणि निवृत्तीनाथांनी तो धाकट्या भावाला दिला. म्हणजे एकाच माणसात जन्माचं नातंही आलं आणि माळेचं नातंही आलं. ज्ञानेश्वरीत, 1290 साली, ज्ञानोबाराय जिथं जिथं निवृत्तीनाथांचं नाव घेतात तिथं शिष्य म्हणून घेतात.

मुक्ताई तर सगळ्यांत धाकटी. तिला मांडे भाजायला खापर मिळू नये म्हणून विसोबानं कुंभारांना दम दिला, अशी कथा आहे. त्याच विसोबाला पुढं पश्चात्ताप झाला आणि तो या पोरांच्या पंगतीला शरण आला. तेच विसोबा खेचर, ज्यांच्याकडं औंढ्या नागनाथाला नामदेवरायांना गुरू मिळाला. ज्यानं खापर अडवलं, तो याच घराण्याचा माणूस झाला. आणि चांगदेवांसारखा म्हातारा योगी त्या लहान पोरीला आई म्हणाला. वयाचा हिशेब कुणी केला नाही.

1296 साली ज्ञानोबारायांनी आळंदीला समाधी घेतली. भावंडांच्या समाध्या चार ठिकाणी झाल्या. निवृत्तीनाथ त्र्यंबकेश्वरला, सोपानकाका सासवडला, मुक्ताई तापीकाठाच्या मुलखात मुक्ताईनगरला. आषाढीला चारी ठिकाणांहून पालख्या निघतात. मुक्ताईची पालखी सगळ्यांत लांबून येते, महिनाभर चालते. माहेरी यायला लेकीला सगळ्यांत लांबची वाट, हे आमच्याकडच्या बायका दरसाल बोलून दाखवतात. आपण वेळापूर सोडलं की तोंडले-बोंडल्याच्या पुढं टप्प्यावर माउलींची आणि सोपानकाकांची बंधुभेट होते. दोन पालख्या जवळ येतात, मानकरी एकमेकांना नारळ देतात. एवढंच होतं तिथं. पण आम्ही असे गडी पाहिलेत की ज्यांचं सख्ख्या भावाशी बांधावरून दहा वर्षं बोलणं नाही, आणि ते त्या ठिकाणी टाळ थांबवून डोळे पुसतात. घरी गेल्यावर बोलतात का, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

आता पंढरपुरात या. नामदेवरायांचं घर हे आमच्या मते संप्रदायातलं सगळ्यांत भरलेलं घर. वडील दामाशेटी, आई गोणाई, बायको राजाई, बहीण आऊबाई, लेक लिंबाई, मुलं नारा, विठा, गोंदा, महादा, सुना लाडाई, गोडाई, येसाई, साखराई. आणि या सगळ्यांत एक बाई, जी त्या घरात जन्मलीही नाही आणि लग्न होऊनही आली नाही. गंगाखेडची जनाबाई. लहानपणीच बापानं तिला दामाशेटींच्या घरी आणून सोडलं. ती दळायची, कांडायची, शेण-पाणी करायची. ती स्वतःला नामयाची दासी म्हणवते. आता दासी म्हटल्यावर तिचं नातं काय धरायचं? आमच्या खेड्यापाड्यांत घरात वाढलेल्या अशा पोरीला जेवायला वेगळं वाढतात, लग्नाच्या फोटोत घेत नाहीत. पण आज बघा, नामदेवांच्या घरातल्या एवढ्या माणसांनी अभंग केले, त्यात नामदेवरायांच्या खालोखाल गावोगाव ओठावर कुणाचे आहेत? जनीचे. दळणाच्या जात्यावर तिचे, काकड्याला तिचे. राजाईचे, गोणाईचेही अभंग आहेत, पण ते ऐकायला मुद्दाम शोधावे लागतात. जी रक्ताची नव्हती तिनं घराचं नाव सगळ्यांत लांब नेलं.

आम्ही रक्ताला कमी लेखत नाही. 1350 साली नामदेवरायांनी महाद्वारात देह ठेवला, घरची माणसंही बरोबर गेली, अशी परंपरा आहे. सून लाडाई तेव्हा बाळंतपणाला माहेरी गेली होती, म्हणून वंश राहिला, आणि त्यांचे वंशज नामदास महाराज आजही पंढरपुरात सेवेला आहेत. म्हणजे एका गरोदर पोटामुळं घर टिकलं. दोन्ही गोष्टी एकाच पायरीवर आहेत, आणि आपण पाय न देता ती ओलांडतो. नामदेवराय पुढं पंजाबात गेले, तिथं घुमान गावी राहिले. तिकडच्या शिखांच्या ग्रंथसाहेबात त्यांची 61 पदं आहेत. तिकडचे लोक त्यांना भगत नामदेव म्हणतात, आपलाच माणूस मानतात. शिंप्याच्या पोराला एवढी मोठी भावकी झाली.

त्याच महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. इथं आम्हाला जरा थांबायचं आहे, कारण या लेखातलं आमचं म्हणणं सगळं इथंच आहे.

चोखोबांचं घरही नामदेवांसारखंच. बायको सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा, आणि निर्मळेचा नवरा बंका, जो सोयराबाईचा भाऊ. साटंलोटं म्हणा. सगळ्या घराचे अभंग आहेत. सोयराबाई बाळंत व्हायची वेळ आली तेव्हा चोखोबा घरी नव्हते. नणंद निर्मळा लांब. तेव्हा देव निर्मळेचं रूप घेऊन आला आणि त्यानं बाळंतपण केलं, अशी कथा आपण सांगतो. दुसऱ्या कुठल्या देवाला बाळंतपण करायची वेळ आली, आम्ही ऐकलं नाही. कीर्तनात ही कथा लावली की मागं बसलेल्या म्हाताऱ्या बाया एकदम सरसावून बसतात. त्यांना ठाऊक असतं की त्या वेळेला नणंद नसली तर काय होतं.

पण त्या घराला देवळात पाय ठेवायला बंदी होती. चोखोबा बाहेर उभे राहिले. 1338 साली मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चाललं होतं. वेठीला चोखोबांनाही धरलं होतं. कूस ढासळलं आणि त्याखाली बरीच माणसं गाडली गेली, त्यात चोखोबा. आता तुम्ही विचार करा. वेठीवर मेलेल्या महाराची हाडं कोण शोधणार? ढिगाऱ्यात सगळ्यांची हाडं एक झालेली. पंढरपुराहून नामदेवराय गेले. हाडं एक एक उचलून कानाला लावली, ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून वेचली, पंढरपुरात आणली आणि महाद्वारासमोर समाधी केली.

नाम ऐकू आलं, त्यावर आम्ही कीर्तनात खूप बोलतो. इथं दुसरी गोष्ट बघा. मेल्यावर हाडं कोण वेचतो? तिसऱ्या दिवशी राख सावडायला कोण जातं? ज्याला सुतक आहे तो. लेक, भाऊ, पुतण्या, भावकी. शिंप्याच्या नामदेवानं महाराच्या चोखोबाची हाडं हातानं सावडली. त्या काळात त्या हातांनी ते काम केलं म्हणजे भावकीचं काम केलं. जयजयकार कुणीही करतो. सावडायला येतो तो आपला.

तरी देऊळ उघडायला सहाशे वर्षं लागली. मे 1947 मध्ये साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले, दहा दिवस अन्न घेतलं नाही, तेव्हा देवळाचं दार सगळ्यांना उघडलं. त्या वेळेला विरोध करणाऱ्यांत माळकरीही होते, हे लिहून ठेवलं पाहिजे.

पैठणला नाथबाबांकडं वेगळीच गोष्ट. आईबाप लहानपणी गेलेले, आज्यानं वाढवलं, आणि देवगिरीच्या जनार्दनस्वामींकडं गुरुसेवेत मोठे झाले. त्यांचा मुलगा हरिपंडित मोठा विद्वान. बापानं मराठीत पुराण सांगावं, कुणाच्याही घरी जेवावं, हे त्याला पटेना. तो रुसून काशीला गेला. पुढं परत आला, समजलाही. पण त्याच घरात एक दुसरं पोरगं वाढत होतं. गावबा. गरीब विधवेचं पोर, रोज पुरणपोळी मागायचं. रोज कुठून घालायची पुरणपोळी? तिनं त्याला नाथांच्या घरी आणून सोडलं. नाथांनी सांभाळलं. लोक त्याला वेडसरच समजायचे. नाथबाबा भावार्थ रामायण लिहीत होते. युद्धकांड निम्म्यात असतानाच 1599 साली त्यांनी देह ठेवला. पुढचं रामायण गावबानं पुरं केलं, असं परंपरा सांगते. घरी पंडित मुलगा असताना बापाचं अर्धं राहिलेलं काम पुरणपोळीवर वाढलेल्या पोरानं केलं. हरिपंडिताला नावं ठेवायला ही गोष्ट आम्ही सांगत नाही. त्याचा मार्ग वेगळा होता. पण काम कुणी उचललं ते कथेत आहे.

तुकोबारायांचा संसार तर तुम्हाला माहीतच आहे. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात पहिली बायको रखमाई अन्न अन्न करत गेली, संतू पोरगा गेला. दुसरी जिजाई, आपण तिला आवली म्हणतो. कीर्तनात आवलीला भांडकुदळ दाखवून हशा पिकवणारे आमच्यात पुष्कळ आहेत. आम्हाला ते पटत नाही. डोंगर चढून नवऱ्याला भाकरी नेणारी बाई ती. घरात दाणा नाही, पोरं रडतात, आणि नवरा भंडाऱ्यावर. तिनं बोलायचं नाही तर कुणी बोलायचं? ती बोलली आणि भाकरीही नेली. हेही संसाराचं एक रूप आहे, आणि आपल्या दिंडीतल्या निम्म्या घरांत तेच चाललेलं असतं. सावकारीच्या कागदांची वाटणी झाली तेव्हा धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला, माझे निम्मे मला द्या. तुकोबारायांनी ते दिले, आपले निम्मे इंद्रायणीत टाकले. भावाच्या हिश्शाचे टाकले नाहीत. आपण वैराग्याला मोठेपणा देतो, पण भावाची वाटणी चोख दिली, त्याकडं लक्ष जात नाही.

तुकोबांच्या माळेतलं गोत म्हणजे टाळकरी. त्यात संताजी जगनाडे, जातीनं तेली. गाथा उतरून ठेवणारे. संताजींनी देह ठेवला तेव्हा तुकोबाराय आधीच गेलेले होते. सुदुंबऱ्याला संताजींना माती द्यायला लागले तर माती पुरेना, मुख झाकेना. कारण तुकोबांनी शब्द दिला होता की तुला माती द्यायला मी येईन. ते आले, मूठभर माती टाकली, मग मुख झाकलं. कथा आहे. पण बघा, परत तीच गोष्ट. शेवटची माती कोण देतो? आपल्या संतांच्या कथांत हे पुन्हापुन्हा येतं, आणि आमची खात्री आहे की ते उगाच येत नाही.

बहिणाबाईंनी तर तुकोबांना गुरू केलं ते नवऱ्याचा मार खाऊन. त्या ब्राह्मणाच्या, तुकोबा कुणबी. नवऱ्याला ते सहन होईना. पुढं तोही वळला. त्या घर सोडून गेल्या नाहीत आणि गुरूही सोडला नाही. दोन्ही ओढत नेलं. हे सोपं नव्हतं, त्यांनी स्वतःच आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय.

आता पालखीकडं येतो, कारण आपल्या बैठकीतल्या प्रश्नाला तिथं थेट उदाहरण आहे.

तुकोबाराय गेले तेव्हा धाकटा मुलगा नारायण आईच्या पोटात होता. त्यानं बाप पाहिलाच नाही. त्याच नारायणबाबांनी 1685 साली तुकोबांच्या पादुका पालखीत घातल्या, आळंदीला येऊन माउलींच्या पादुका घेतल्या, आणि दोन्ही एकाच पालखीत पंढरीला नेल्या. ज्ञानोबा-तुकाराम हे जोडनाव आपण चालता चालता घेतो, त्याला ही पालखी कारण आहे. न पाहिलेल्या बापासाठी लेकानं हे केलं. जन्माच्या नात्यातून एवढं मोठं काम निघालं, ते कुणी नाकारू नये. देहूचा सोहळा आजही तुकोबांच्या वंशजांकडं, मोरे मंडळींकडं आहे.

पण पुढं काय झालं? दीडशे वर्षं पालखी एक चालली. मग देहूच्या घराण्यात हक्कावरून, मानावरून वाद झाले आणि दोन्ही पालख्या वेगळ्या झाल्या. आपल्या शिवारात बांधावरून होतं तेच.

आळंदीकडं वेगळी अडचण होती. ज्ञानोबारायांना लेकरूबाळ नाही. वंश नाही. मग त्यांची पालखी कुणी काढायची? साताऱ्याकडच्या आरफळ गावचे हैबतबाबा. शिंद्यांच्या पदरी ग्वाल्हेरला सरदारीवर होते. गावी परत येताना वाटेत लुटारूंनी धरलं, तिथं हरिपाठ म्हणत राहिले आणि सुटले, अशी कथा आहे. पुढं ते आरफळला न राहता आळंदीला येऊन राहिले आणि माउलींच्या सेवेला लागले. 1832 च्या सुमाराला त्यांनी माउलींच्या पालखीला आजचं रूप दिलं. लष्करात राहिलेला माणूस, त्यानं सोहळा लष्करासारखा लावला. पुढं घोडे, दिंड्या ओळीनं, रथापुढच्या आणि रथामागच्या, चोपदार, वेळेवर कूच, वेळेवर मुक्काम. अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे, तंबू दिले, ती सेवा अजून चालू आहे. वासकर आणि इतर फडकरी जोडले. यातला कुणीही माउलींच्या नात्यातला नव्हता. आपली दिंडी आज रथाच्या मागं ज्या शिस्तीत चालते ती अशी नात्याबाहेरच्या माणसानं लावलेली आहे. बाबांनी आळंदीत देह ठेवला, आणि महाद्वारातली पहिली पायरी त्यांची आहे.

बैठकीतल्या दुसऱ्या बाजूच्या मंडळींना इथं टाळी वाजवावीशी वाटेल. जरा थांबा. हैबतबाबांच्या पाठी सोहळ्याच्या मालकीचा मान आरफळकर घराण्याला आहे. फड पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांत चाललेत. म्हणजे माळेचं गोत दोन पिढ्यांनी परत जन्माचं गोत होतं. तसं झालं नसतं तर कदाचित सोहळा टिकलाही नसता. घराला धरून काहीतरी राहतं, जुन्या वह्या राहतात, पादुकांची पूजा चुकत नाही, आणि मुक्कामाचा मालक बदलला तरी ओळख राहते. हे आम्ही शेतकरी म्हणून सांगतो. विहीर कुणाच्या तरी बांधात असावी लागते, पाणी सगळ्यांनी प्यावं.

आता आपल्याच दिंडीचं. थोरल्या बाबांच्या पाठी वीणा त्यांच्या लेकाकडं आली. ते अकाली गेले, मागं लहान पोरगा. तेव्हा वीणा एका टाळकऱ्याकडं दिली. दुसऱ्या गावचा गडी, जातीनं धनगर, मेंढरं सोडून वारीला यायचा. त्यानं बावीस वर्षं वीणा वागवली. वारी संपली की वीणा थोरल्या बाबांच्या घरी आणून खुंटीला लावायचा, आपल्या घरी नेली नाही. त्या लहान पोराला त्यानंच चाली शिकवल्या, काकडा पाठ करून घेतला, चुकलं की पखवाजावर थाप मारून थांबवायचा. पोरगा तयार झाल्यावर एका आषाढीला, वाखरीच्या तळावर, त्यानं आपल्या गळ्यातली वीणा काढून त्या पोराच्या गळ्यात घातली आणि स्वतः परत टाळ घेऊन मागच्या रांगेत उभा राहिला. तो पोरगा म्हणजे आजचे विणेकरी. त्यांना विचारा, तुमचे गुरू कोण. ते त्या धनगराच्या गावाकडं हात करतात.

आत्ताच्या विणेकऱ्यांची मुलं पुण्याला नोकरीला आहेत. चांगली पोरं आहेत, भिशी वेळेवर भरतात, दिंडीला टँकर त्यांनीच लावून दिला. पण पायी चालायला रजा मिळत नाही, वाखरीला गाडीनं येतात. कुणी त्यांना टाकून बोलू नये. आमचं म्हणणं एवढंच, की वीणा गळ्यात घेणारा माणूस आळंदीपासून पंढरीपर्यंत पायी चालणारा पाहिजे, एकादशी न मोडणारा पाहिजे, आणि रात्री कुणाला ताप भरला तर पालातून उठणारा पाहिजे. असा घरातला निघाला तर सोन्याहून पिवळं. नाही निघाला तर फडातला घ्यावा, आणि त्यानं धनगर महाराजांसारखी वीणा वारीनंतर थोरल्या बाबांच्या खुंटीला आणून लावावी. पादुकांची पूजा आणि पहिला नैवेद्य घराण्याकडं राहावा. घराणं चालवील तोवर. हे आमचं मत आहे, बैठकीत कुणाला दुसरं पटलं तर त्यांनी तसं सांगावं, वाद घालायला आम्ही येऊ, पण पंगत मोडू नये.

आणखी एक गोष्ट लिहायची आहे. या पुस्तकाच्या शेवटी वैकुंठवासी झालेल्या वारकऱ्यांची यादी छापलीय. तिच्यात रकाने आहेत, नाव, गाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आणि हल्ली घरी कोण. यादी करताना आत्यापाशी अडलं.

आत्या म्हणजे 1972 च्या दुष्काळात फलटणच्या तळावर आपल्या दिंडीला येऊन मिळाली ती बाई. मूल नाही म्हणून सासरनं बाहेर काढलेली, आणि भावांच्या घरी खायला नव्हतं. पहिले दोन दिवस ती पालाच्या कडेला बसून राहिली, तिसऱ्या दिवशी कुणी न सांगता चूल पेटवायला लागली. मग तिनं चूल कधी सोडली नाही. वारीत शंभर माणसांच्या पिठाला मीठ ती डोळे झाकून टाकायची. दिंडीत कुणी उपाशी निजलं नाही, म्हणजे निजलं असेल तर ती. वारी झाली की गावातल्याच एका टाळकऱ्याच्या घरी राहायची. मुक्कामाला पोरं तिच्याभोवती गोळा व्हायची, बाया भांडण झालं की तिच्याकडं जायच्या. तिचं खरं नाव निम्म्या दिंडीला माहीत नव्हतं.

ती गेली तेव्हा पेरणीचे दिवस होते. अग्नी कुणी द्यायचा, यावर फार बोलणं झालं नाही. तिघं पुढं आले. एक मराठ्याचा, एक माळ्याचा, एक मातंग समाजाचा. तिघांनी डोक्याचे केस उतरवले. तिसऱ्या दिवशी तिघांनीच राख सावडली, आणि इंद्रायणीत सोडायला एसटीनं आळंदीला गेले. गावात एक-दोघांनी कुजबुज केली, की एका चितेला तीन जातींचे तीन लेक कसे. आम्ही त्यांना मंगळवेढ्याची गोष्ट सांगितली. ते गप्प बसले. पटलं म्हणून बसले का आम्ही कीर्तनकार म्हणून बसले, ते सोडा.

दहाव्याला तिचा भाऊ आला, कुणीतरी निरोप धाडला होता. अगदी म्हातारा झालेला, काठी टेकत. नदीकाठी लांबच बसला. पिंडाला कावळा लवकर शिवेना तेव्हा तो उठून जवळ आला आणि तिला तिच्या लहानपणच्या नावानं हाक मारली. त्या नावानं आम्ही कुणी तिला कधी हाक मारली नव्हती. त्यानंतर थोड्या वेळानं कावळा शिवला. तिघांनी म्हाताऱ्याला घरी आणून जेवायला घातलं, त्यानं तिच्यासाठी आणलेलं लुगडं तिथल्या एका बाईला दिलं, आणि संध्याकाळच्या गाडीनं तो गेला.

छापखान्याचा पोरगा म्हणाला, पतीचं नाव आणि घरी कोण हे दोन रकाने मोकळे सोडू का. आम्ही पतीच्या नावाचा रकाना मोकळा सोडायला सांगितला. वडिलांचं नाव भावाकडून विचारून घेतलं होतं, ते तिथं घातलंय. घरी कोण, या रकान्यात त्या तिघांची नावं एकाखाली एक दिलीत. जागा पुरत नव्हती म्हणून अक्षर बारीक झालंय, चष्मा लावून वाचा. अशी अजून माणसं आपल्या दिंडीत होऊन गेली असतील. कुणाच्या ध्यानात असतील तर त्यांचं नाव, गाव, वारीला कोणत्या साली आले आणि माती कुणी दिली, एवढं कागदावर लिहून आमच्याकडं द्या. मागच्या बाजूला दोन पानं कोरी ठेवलीत.